स्वातंत्र्याचे हप्ते

हैतीत १ जानेवारीची सकाळ भोपळ्याच्या सुपाने सुरू होते. तयारी आदल्या रात्रीपासूनची. गोमांसाचे तुकडे लिंबू चोळून धुतात. लसूण, पातीचा कांदा, पार्सली, थाइम आणि मिरची एकत्र वाटून केलेले ‘एपीस’ त्यांना लावून मुरत ठेवतात. लाल भोपळा उकडून, घोटून, गाळून घेतात. त्या दाट केशरी रश्श्यात मग बटाटा, गाजर, सलगम, कोबी, सेलरी पडते आणि शेवटी मॅकरोनी किंवा शेवया. वरून एक अख्खी मिरची सोडतात. ही मिरची बुटकी आणि जहाल असते, म्हणून ती फुटणार नाही इतक्या बेताने डाव फिरवायचा. तिचा वास हवा असतो, जाळ नको. या सुपाला तिथे ‘सूप जुमू’ म्हणतात. जुमू हा आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला. मूळचा अमेरिका खंडाचा, तिथून जगभर गेला आणि आपल्याकडे घारग्यांत रुळला.

सकाळी चर्चमधून माणसे परततात, मुलांच्या अंगावर नवे कपडे असतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे भांडी जातात-येतात. प्रत्येक घरचे सूप वेगळे, आणि प्रत्येकाच्या मते आपल्या आजीचेच खरे. एरवीही रविवारी सकाळी अनेक घरांत हे सूप होते, पण १ जानेवारीला ते झालेच पाहिजे आणि मिळेल त्याला वाढलेच पाहिजे. मायामीच्या लिटल हैतीत, ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशमध्ये, मॉन्ट्रियलमध्ये जिथे म्हणून हैतीची माणसे पांगली आहेत, तिथेही त्या दिवशी हेच शिजते.

लोकपरंपरा सांगते की गुलामीच्या काळात हे सूप गोऱ्या मळेवाल्यांच्या टेबलासाठी होत असे. भोपळा गुलामांनी पिकवायचा, सूप गुलामांनी रांधायचे, आणि चाखायचे मात्र मालकाने. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते सगळ्यांनी मिळून खाल्ले, आणि तेव्हापासून दर वर्षी खातात. सर्वांना सूप वाढण्याची ही प्रथा हैतीचे पहिले राज्यप्रमुख जाँ-जाक देसालिन यांच्या पत्नी मारी-क्लेर अरोझ यांनी घातली, असे मानतात. १८००मध्ये जाकमेल शहराला वेढा पडला असताना आतल्या उपाशी आणि जखमी माणसांपर्यंत अन्न आणि औषधे नेणाऱ्या बाई त्या याच. त्यांच्या नावाशी ही प्रथा जोडली गेली, यात आश्चर्य नाही.

नववर्ष जवळ आले की जगभरच्या पाककृतींच्या सदरांत हे सूप झळकू लागते. झळकू द्यावे. पण तिथे हैतीचे स्वातंत्र्य दोन ओळींत उरकले जाते आणि पुढे बटाटे किती आकाराचे चिरावेत याच्यावर परिच्छेद असतो. त्याच वर्तमानपत्रांच्या बातम्यांच्या पानांवर हैती हा ‘पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश’ असतो. हे बिरूद त्याच्या नावाला इतके चिकटले आहे की ती गरिबी कोणी आणली हे विचारायचे राहूनच जाते. सुपाची गोष्ट आणि गरिबीची गोष्ट एकच आहे. ती वेगवेगळ्या पानांवर छापण्यात हैतीवर अन्याय होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हैतीचे पूर्वीचे नाव सँ-दोमँग. फ्रान्सची ही वसाहत १७८०च्या दशकात जगातली सर्वांत फायद्याची वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक या एका वसाहतीतून येई. सुमारे ५ लाख गुलाम आणि ४० हजारांच्या आत गोरे, अशी तिथली वस्ती. उसाच्या चरकात हात जायचे, कढईच्या काठावर माणसे भाजायची, आणि आफ्रिकेतून नव्याने आणलेल्यांपैकी कित्येक जण पहिल्या काही वर्षांतच मरायचे. मळेवाल्यांचा हिशेब असा की मूल जन्माला घालून वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणे स्वस्त. म्हणूनच १७९१मध्ये तिथल्या गुलामांपैकी बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्यांना फ्रेंच राज्यक्रांतीच्या पत्रकांतून शिकावे लागले नाही. ते त्यांनी स्वतः भोगले होते आणि त्यांच्याकडून हिसकावले गेले होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये, ब्वा कायमाँच्या रानात, रात्री सभा भरली. बुकमन नावाचा पुढारी आणि सेसिल फातिमान ही पुजारीण यांची नावे त्या रात्रीशी जोडलेली आहेत. आठवड्याभरात उत्तरेकडचे मळे पेटले. पुढच्या बारा वर्षांत या माणसांनी फ्रेंच मळेवाल्यांशी, स्पॅनिश फौजांशी, इंग्रजांशी आणि अखेर नेपोलियनच्या सैन्याशी झुंज दिली. १७९३मध्ये वसाहतीत आणि १७९४मध्ये पॅरिसच्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली, ती या उठावाच्या दबावामुळे. तूसाँ लूव्हेर्त्यूर हा पूर्वीचा गुलाम त्या भूमीचा कारभारी झाला. नेपोलियनला ते सहन झाले नाही. त्याने १८०२च्या सुरुवातीला आपला मेहुणा लक्लेर याला मोठे आरमार देऊन पाठवले; तूसाँला बोलणी करायला बोलावून पकडले आणि फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या फोर द जू किल्ल्यात टाकले. ७ एप्रिल १८०३ला, थंडीने आणि उपासमारीने खंगून, तो तिथेच मेला.

तोपर्यंत ग्वादलूप बेटावर गुलामगिरी पुन्हा लादली गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. आता कोणालाच भ्रम उरला नाही. देसालिन, जो स्वतः मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला होता आणि काही काळ फ्रेंचांच्या बाजूनेही लढला होता, तो उलटला. १८ मे १८०३ला आर्काए गावी त्याने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला आणि कातरीन फ्लों हिने उरलेला निळा आणि लाल एकत्र शिवला, अशी कथा आहे. १८ मे हा तिथे आजही ध्वजदिन असतो. १८ नोव्हेंबरला व्हेर्तिएरच्या टेकडीवर शेवटची मोठी लढाई झाली. तोफांच्या माऱ्यात बंडखोरांच्या बाजूच्या फ्रान्स्वा काप्वा याचा घोडा खाली पडला. तो उठला आणि तलवार उपसून पायीच चढण चढू लागला. तेव्हा फ्रेंच सेनापती रोशांबो याने गोळीबार थांबवून, नगारा वाजवून, निरोप्यामार्फत त्याच्या शौर्याला सलाम पाठवला, असे हैतीतली मुले शाळेत शिकतात. त्यानंतर काही दिवसांतच फ्रेंचांनी देश सोडला. लक्लेर आधीच पीतज्वराने गेला होता, आणि त्याचे हजारो सैनिकही.

इथे तारखांचा एक योग मराठी वाचकाच्या नजरेस आणावासा वाटतो. व्हेर्तिएरनंतर अकराव्या दिवशी, २९ नोव्हेंबर १८०३ला, वऱ्हाडात अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजा आर्थर वेलस्लीकडून हरल्या. ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी सुर्जी अंजनगावच्या तहावर सही करून मोठा मुलूख इंग्रजांना दिला. आपल्याकडचे नावाजलेले सरदार युरोपीय सत्तेला मुलूख लिहून देत होते, आणि त्याच आठवड्यात दूरच्या एका बेटावर, कालपर्यंत जनावरांसारखी विकली गेलेली माणसे दुसऱ्या युरोपीय सत्तेला हाकलून आपले राज्य जाहीर करत होती. जगाच्या इतिहासात गुलामांच्या उठावातून उभे राहिलेले राज्य हे एवढेच. आपल्या शाळांत फ्रेंच राज्यक्रांती आहे, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आहे. हैतीलाही तिथे जागा मिळायला हवी.

१ जानेवारी १८०४. गोनाइव्ह शहराचा चौक. देसालिन क्रेओलमध्ये बोलला, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसांच्या भाषेत. आणि त्याचा चिटणीस ब्वारों-तोनेर याने फ्रेंचमध्ये लिहिलेला जाहीरनामा वाचून दाखवला. असे सांगतात की आधीचा मसुदा अमेरिकेच्या जाहीरनाम्याच्या वळणावर, तर्कशुद्ध आणि थंड उतरला होता, म्हणून तो बाजूला ठेवून ब्वारों-तोनेरने रात्रीतून नवा लिहिला. सेनानींनी शपथ घेतली की फ्रान्सच्या सत्तेखाली जगण्यापेक्षा मरण पत्करू. वसाहतीचे नाव पुसून बेटाच्या मूळ रहिवाशांनी, ताइनो लोकांनी, दिलेले नाव परत घेतले: आयिती, डोंगराळ भूमी. ते ताइनो स्पॅनिशांच्या पहिल्या काही पिढ्यांतच जवळजवळ नाहीसे झाले होते. ज्यांचा आपल्याशी रक्ताचा संबंध नाही, पण ज्यांच्यावरचा अत्याचार त्याच भूमीवर झाला, त्यांचे नाव नव्या राज्याने धारण केले. या एका निर्णयावर आमचे मन जडले आहे.

त्या जाहीरनाम्याचे मूळ हस्तलिखित उरलेले नाही. छापील प्रतही हैतीत कोणाकडे नव्हती. २०१०मध्ये, पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त करणाऱ्या १२ जानेवारीच्या भूकंपानंतर काही आठवड्यांतच, ज्युलिया गॅफिल्ड या तरुण अभ्यासिकेला ती लंडनमध्ये ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. जमैकाच्या गव्हर्नरने ती कधीकाळी आपल्या कागदांबरोबर धाडली होती. ज्या देशाचा जन्मदाखलासुद्धा परक्यांच्या कपाटात राहिला, त्या देशाने आपली आठवण सुपात जपली. कागद जळतात, वाळवी लागते, भूकंपात गाडले जातात; दर वर्षी शिजणारे अन्न मात्र लिहितावाचता न येणाऱ्या आजीच्याही हाती सुरक्षित राहते.

या गौरवात एक काळी बाजू झाकली जाऊ नये. १८०४च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात देसालिनच्या हुकमावरून देशात उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली. त्यात बायका आणि मुलेही होती. आधीच्या दोन वर्षांत रोशांबोने माणसांवर शिकारी कुत्रे सोडले होते, त्यांना समुद्रात बुडवून मारले होते, हे खरे आहे. तरी त्या मुलांच्या मृत्यूचे समर्थन त्याने होत नाही. त्याच देसालिनच्या १८०५च्या राज्यघटनेने मात्र असे काही केले जे तेव्हाच्या जगात कोणालाही सुचले नव्हते. कातडीच्या सर्व छटा रद्द करून देशाचा प्रत्येक नागरिक ‘काळा’ म्हणूनच ओळखला जाईल, असे तिने ठरवले. फ्रेंच फौजेतून फुटून बंडखोरांना मिळालेले पोलिश शिपाई आणि तिथे वसलेले काही जर्मन यांनाही नागरिकत्व मिळाले, म्हणजे कायद्याने तेही काळेच. देसालिनचा शेवट वाईट झाला. १७ ऑक्टोबर १८०६ला पों-रूजजवळ त्याच्याच सरदारांनी त्याला मारले, प्रेताची विटंबना केली. ते तुकडे गोळा करून पुरायला एक वेडसर समजली जाणारी बाई पुढे आली, देफिले तिचे नाव. हैतीत तिला विसरत नाहीत.

आता पैशांकडे येऊ.

नव्या देशाला मान्यता द्यायला कोणी तयार नव्हते. स्वतः गुलाम बाळगणाऱ्या सत्तांना या देशाचे नुसते अस्तित्व धोक्याचे वाटे. आणि जुलै १८२५मध्ये फ्रान्सच्या राजाचा, दहाव्या शार्लचा, दूत बॅरन माको पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात आला. त्याच्या पाठीशी १४ युद्धनौका आणि ५००हून अधिक तोफा होत्या. त्याच्या हाती १७ एप्रिलचा राजाचा हुकूम होता: फ्रान्स हैतीचे स्वातंत्र्य मान्य करील, त्याच्या बदल्यात हैतीने ५ वर्षांत १५ कोटी फ्रँक द्यावेत आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी. हे १५ कोटी कशाचे? ‘मालमत्ता’ गमावलेल्या मळेवाल्यांच्या भरपाईचे. त्या मालमत्तेत जमीन होती, घरे होती, साखरेचे कारखाने होते, आणि माणसेही होती. मळ्याची किंमत ठरायची ती त्यावर राबणाऱ्या माणसांवरून, आणि आता त्याच माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी स्वतःची किंमत आपल्या माजी मालकांना चुकती करायची होती. राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने तोफांच्या छायेत सही केली.

ही रक्कम किती मोठी होती? १८०३मध्ये नेपोलियनने लुइझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला विकला, ज्याने त्या देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले, तो सुमारे ८ कोटी फ्रँकांना. सँ-दोमँग हातची गेली म्हणूनच त्याला लुइझियाना नकोसा झाला होता, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे हैतीच्या गुलामांच्या विजयाने अमेरिकेला हा प्रदेश स्वस्तात मिळाला, आणि त्या विजयाबद्दल हैतीला त्याच्या जवळपास दुप्पट दंड पडला.

पहिल्या ३ कोटींच्या हप्त्यासाठी हैतीला कर्ज काढावे लागले, तेही पॅरिसच्याच सावकारांकडून. सावकारांनी ३ कोटींतले ६० लाख दलाली म्हणून आधीच कापून घेतले. हैतीच्या हाती २ कोटी ४० लाख पडले, व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. सावकारी आपल्या गावांना नवी नाही. पण एका देशाने दुसऱ्या देशाला, तोफा रोखून, अशा सावकाराच्या दारात उभे केल्याची उदाहरणे विरळाच. १८३८मध्ये मूळ रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण एक कर्ज फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे असे चक्र चालूच राहिले. या कर्जांच्या साखळीतला शेवटचा हप्ता फिटला तो १९४७मध्ये, आणि तोवर सावकार बदलून न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक झालेला होता. १८२५ ते १९४७. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी हैतीचे स्वातंत्र्य १४३ वर्षांचे होते, आणि त्याची किंमत तेव्हा कुठे भरून झाली.

हा पैसा आला कुठून? कॉफीवरच्या निर्यात करातून. म्हणजे डोंगरउतारावर दोन-चार झाडे लावणाऱ्या, मुलांना अनवाणी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातून. ब्वायेच्या सरकारने १८२६मध्ये ग्रामीण कायदा करून त्या शेतकऱ्याला जमिनीला जखडले, जेणेकरून उत्पन्न वाढावे आणि फ्रान्सचे देणे भागावे. हैतीच्या राज्यकर्त्यांनाही दोष द्यायचा तो इथे: शहरातल्या श्रीमंतांना झळ लागू न देता सारा भार त्यांनी गावांवर टाकला. १ जानेवारीला सर्वांच्या वाडग्यात सारखे सूप, आणि वर्षभर कर भरायला मात्र डोंगरातला शेतकरी, ही विषमता तेव्हापासून आहे आणि ती परक्यांनी एकट्याने लादलेली नाही. शाळा, रस्ते, पाणी यांना जे पैसे लागले असते ते अटलांटिक ओलांडून गेले. २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जुने कागद तपासून हिशेब मांडला. हैतीने प्रत्यक्ष भरलेली रक्कम आजच्या भावाने सुमारे ५६ कोटी डॉलर. आणि ती देशातच राहून वाढली असती तर हैतीच्या अर्थव्यवस्थेला मिळाले असते ते २१ अब्ज ते ११५ अब्ज डॉलरच्या दरम्यान.

गुलामांच्या मुक्तीचा विषय निघाला की महाराष्ट्राला जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आठवते. १८७३चे ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केले. ती अर्पणपत्रिका आपल्या वैचारिक इतिहासाचा अभिमान आहे. तिच्या शेजारी हैतीचेही पान ठेवायला हवे, कारण इथे मुक्ती कोणी मिळवून दिली नाही. जखडलेल्यांनीच साखळी तोडली, आणि तीही अमेरिकेच्या सहा दशके आधी. त्याच अमेरिकेच्या सरकारने १८६२पर्यंत हैतीला मान्यता दिली नाही. १९१४च्या डिसेंबरात अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतून ५ लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले, आणि १९१५ ते १९३४ हा देश त्यांच्या लष्करी ताब्यात होता. उपकार विसरण्यात इतर शेजारीही मागे नव्हते. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पराभूत बोलिव्हारला १८१६मध्ये हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेतियों याने शस्त्रे, जहाजे आणि माणसे दिली, गुलाम मुक्त करीन एवढ्या एका वचनावर. आणि १८२६मध्ये पनामाला नव्या प्रजासत्ताकांची परिषद भरली तेव्हा हैतीला बोलावणे नव्हते.

२००३मध्ये, तूसाँच्या मृत्यूला २०० वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे परतफेड मागितली: २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटची थट्टा झाली. आम्हांला त्यात थट्टेचे काही दिसत नाही. ज्याच्याकडून शेवटच्या दमडीपर्यंत वसुली झाली, त्याने मागणीही शेवटच्या सेंटपर्यंत करावी. २००४च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षातच, आरिस्तीद यांना अमेरिका आणि फ्रान्स यांच्या दबावाखाली देश सोडावा लागला आणि पुढच्या हंगामी सरकारने ती मागणी सोडून दिली. २०१५मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलाँद ‘कर्ज फेडू’ असे म्हणाले, आणि लगेच त्यांच्या माणसांनी खुलासा केला की त्यांना नैतिक कर्ज म्हणायचे होते. १५ कोटी फ्रँक मागताना फ्रान्सने नैतिक फ्रँक मागितले नव्हते.

१७ एप्रिल २०२५ला, त्या हुकमाला २०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, अध्यक्ष माक्रों यांनी हैतीच्या स्वातंत्र्यावर लादलेल्या किमतीचा उल्लेख करत तिला अन्यायकारक म्हटले आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा केली. फ्रान्सच्या अध्यक्षाने एवढे बोलावे याला दोन शतके लागली, म्हणून त्याचे मोल नाकारू नये. पण पैसे परत देण्याबद्दल त्या निवेदनात शब्द नव्हता.

दरम्यान सुपाला मात्र मान मिळाला. १६ डिसेंबर २०२१ला युनेस्कोने ‘सूप जुमू’ला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हैतीची ही त्या यादीतली पहिली नोंद. युनेस्कोतल्या हैतीच्या प्रतिनिधी दोमिनिक दुपुई यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. त्याच वर्षी ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष मोइज यांची त्यांच्या घरात हत्या झाली होती, १४ ऑगस्टला देशाच्या दक्षिणेत मोठा भूकंप होऊन २ हजारांहून अधिक माणसे गेली होती. अशा वर्षाच्या शेवटी आलेल्या या बातमीने तिथली माणसे रडली, हसली, नाचली. त्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी आहोत. त्यानंतर पंधरवड्याने, १ जानेवारी २०२२ला, गोनाइव्हच्या कॅथेड्रलमध्ये स्वातंत्र्यदिनाची प्रार्थना चालू असताना बाहेर गोळीबार झाला आणि पंतप्रधान आंरी यांना तिथून घाईने निघावे लागले. ज्या शहरात राष्ट्र जन्मले, तिथे राष्ट्रदिनाला पंतप्रधान थांबू शकले नाहीत. २०२५ उजाडले तेव्हा टोळ्यांच्या दहशतीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या १० लाखांवर गेली होती. शाळांच्या वर्गांत आणि मोडक्या आवारांत आसरा घेतलेली ही कुटुंबे. त्यांच्या रांगेतही १ जानेवारीला सूप पोचवण्यासाठी माणसे धडपडतात, कारण त्या दिवशी कोणी वाडग्याविना राहणे हा १८०४चाच अपमान मानला जातो. दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीला, ‘पूर्वजांचा दिवस’ असतो. तोही राष्ट्रीय सुट्टीचा, लढून गेलेल्यांसाठी.

फ्रान्स आणि हैती यांच्या आयोगाने इतिहास तपासावा, पण केवळ सरकारी दप्तरे उघडून थांबू नये. दलाली घेणाऱ्या पॅरिसच्या बँकांची आणि त्यांच्या आजच्या वारसांची खातीही त्याने पाहावीत, न्यूयॉर्ककडे गेलेल्या व्याजाचाही माग काढावा. घेतलेल्या रकमेचा आकडा ठरवावा. तो पैसा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या एखाद्या मंत्रालयातून न फिरता, कॉफीचा कर ज्यांनी भरला त्या डोंगराळ भागांतल्या शाळा, दवाखाने, पाणी आणि रस्ते यांना, तिथल्या गावकऱ्यांच्या देखरेखीखाली मिळावा. आणि अहवालात आकडाच नसेल, तर हैतीने तो स्वीकारू नये.